द लास्ट सपर (लिओनार्दो दा विंची)

द लास्ट सपर (इटालियन: इल चेनाकोलो, मराठी अर्थ: अंतिम भोजन) हे इटालियन चित्रकार लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने मिलान येथील सांता मारिया देल्ले ग्रात्सिये या डॉमिनिकन मठाच्या भोजनगृहातील भिंतीवर रंगविलेले चित्र आहे. त्याची निर्मिती साधारणपणे १४९५ ते १४९८ या काळात झाली. त्याची उंची सुमारे ४६० सेंमी. व रुंदी सुमारे ८८० सेंमी. आहे. प्रबोधनकालीन कलेतील ही श्रेष्ठ कलाकृती चित्रकाराच्या हयातीतच खराब होऊ लागली होती. तरीही पुढील पाच शतकांत पाश्चात्त्य चित्रकारांनी समूहचित्राच्या रचनेचा आदर्श म्हणून तिच्याकडे पाहिले. मूळ चित्र झिजत असताना त्याचा प्रभाव मुख्यतः प्रतिकृतींमधून पसरला.

विषय व पूर्वपरंपरा

मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्या आश्रयाखाली हे चित्र काढले गेले. आपल्या शिष्यांपैकीच एक जण आपला विश्वासघात करील, असे येशू ख्रिस्ताने अखेरच्या भोजनप्रसंगी सांगितल्याचा उल्लेख योहानकृत शुभवर्तमानात आहे. या उद्‌गारानंतर शिष्यांत उसळलेली खळबळ हा चित्राचा विषय होय.

मठाच्या भोजनगृहात हा प्रसंग रंगविण्याची प्रथा इटलीत आधीपासून होती. फ्लॉरेन्समधील आंद्रेआ देल कास्तान्यो व दोमेनिको गिरलांदायो यांच्या चित्रांत विश्वासघातकी यहूदा मेजाच्या अलीकडच्या बाजूस एकटा बसलेला दिसतो. त्यामुळे प्रेक्षकाला तो तत्काळ ओळखता येतो. परंतु प्रसंगातील नाट्य कमी होते. लिओनार्दोने यहूदाला इतर शिष्यांच्या रांगेत बसविले. त्याच्या हाती पैशाची थैली असून तो किंचित मागे सरला आहे व त्याचा चेहरा छायेत आहे. दोषी कोण, हे चेहऱ्यांवरून व हातवाऱ्यांवरून ओळखण्याचे काम चित्रकाराने प्रेक्षकावर सोपविले.

रचना

बारा शिष्यांची विभागणी तीन-तीन जणांच्या चार गटांत केलेली आहे. येशूच्या बोलण्याचा परिणाम लाटेसारखा मध्यापासून दोन्ही टोकांकडे पसरत जातो. संतापलेल्या पेत्राच्या हाती सुरी आहे, थोमाने एक बोट वर केले आहे, तर फिलिपने स्वतःच्या छातीकडे हात नेले आहेत. या गदारोळाच्या मध्यभागी येशूची त्रिकोणी आकृती स्थिर आहे.

छताच्या व भिंतींच्या रेषा येशूच्या उजव्या कानशिलापाशी एकत्र मिळतात. यथादर्शनाच्या रेषा आखण्यासाठी तेथे ठोकलेल्या खिळ्याचे छिद्रही आढळले आहे. येशूच्या मस्तकाभोवती प्रभावलय नाही. मागील खिडकीतून येणारा उजेडच ते काम करतो. दैवी आशय मानवी भावना, भूमिती व नैसर्गिक प्रकाश यांच्याद्वारे व्यक्त करण्याची ही रीत पुढील चित्रकारांना विशेष मार्गदर्शक ठरली.

तंत्र व ऱ्हास

भित्तिलेपचित्रणात, म्हणजेच फ्रेस्कोमध्ये, ओल्या गिलाव्यावर रंग लावतात. गिलावा वाळताना रंग त्यात पक्का बसतो. मात्र काम झपाट्याने उरकावे लागते व नंतर फारसे बदल करता येत नाहीत. लिओनार्दो अत्यंत संथपणे काम करी. तो कधी दिवसभर अन्नपाण्याविना रंगवीत असे, तर कधी अनेक दिवस कुंचल्याला हातही लावीत नसे, असे वर्णन लेखक मात्तेओ बान्देल्लो याने केले आहे. त्यामुळे लिओनार्दोने कोरड्या भिंतीवर पांढऱ्या रंगाचा थर देऊन त्यावर टेंपेरा व तैलरंगांचा वापर केला. यामुळे छटांची सूक्ष्मता साधली. पण दमट भिंतीवर रंग टिकला नाही. चित्र खराब होऊ लागल्याची नोंद अंतोनियो दे बेआतिस याने १५१७ मध्येच केली होती.

१६५२ मध्ये भिंतीत दरवाजा काढल्याने येशूच्या पावलांचा भाग नष्ट झाला. अठराव्या शतकातील दुरुस्त्यांत मूळ रंगांवर नवे रंग चढविले गेले. ऑगस्ट १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात भोजनगृहाचे छत कोसळले; परंतु वाळूच्या पोत्यांच्या आधारामुळे चित्राची भिंत बचावली.

प्रतिकृती व प्रभाव

चित्राचे अनेक तपशील आज समकालीन प्रतिकृतींवरूनच कळतात. लिओनार्दोचा अनुयायी जाम्पिएत्रिनो याने केलेली मोठी प्रतिकृती लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संग्रहात असून तिच्यात येशूची पावले शाबूत आहेत. मुद्राचित्रांमुळे ही रचना इटलीबाहेर पोहोचली. इटलीला कधीही न गेलेल्या रेम्ब्रांटने १६३५ च्या सुमारास अशाच एका मुद्राचित्रावरून रेखाटने केली. त्याच्या सॅमसनच्या विवाहभोजनाच्या चित्रात (१६३८) या अभ्यासाचा ठसा दिसतो. राफाएल मॉर्गेन याच्या १८०० मधील मुद्राचित्राने तिचा प्रसार आणखी वाढविला.

काही कलावंतांनी या आदर्शाला छेद देऊन नवी वाट काढली. तिंतोरेत्तोने व्हेनिसमधील आपल्या चित्रात (१५९२–९४) मेज तिरपे मांडून समतोल हेतुतः मोडला. विसाव्या शतकात साल्वादोर दाली (१९५५) व अँडी वॉरहॉल (१९८६) यांनी या प्रतिमेची पुनर्मांडणी केली.

जतन

१९७८ ते १९९९ या काळात पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांच्या नेतृत्वाखाली चित्राचे संवर्धन झाले. नंतर चढविलेले रंग काढून टाकण्यात आले व रिकाम्या जागा फिक्या जलरंगांनी भरण्यात आल्या. मूळ रंग किती थोडा उरला आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. संवर्धित चित्रात लिओनार्दोचा किती अंश शिल्लक आहे, यावर अभ्यासकांत मतभेद झाले. १९८० मध्ये मठासह हे चित्र युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. धूळ व आर्द्रता यांपासून रक्षण व्हावे म्हणून प्रेक्षकांना लहान गटांत, सुमारे पंधरा मिनिटांसाठीच प्रवेश दिला जातो.