म्हसळ्याचें उष्णतामान आणि आंब्याची बाग

समुद्रकांठची हवा सम असते, हा सिद्धान्त आपण सर्वांनीं शाळेंत पाठ केला आहे, आणि मासिक सरासरी पाहिली तर तो खराही ठरतो. आपल्याच किनाऱ्यावरील मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत जानेवारीची मध्यम उष्णता सुमारें २५ अंश (सेल्सिअस) व मे महिन्याची सुमारें ३० अंश असते. वर्षभरांतील फरक इतका थोडा. परंतु कलमें सरासरीवर जगत नाहींत. कुलाब्याहून थोड्या आंत असलेल्या सांताक्रूझ येथें २२ जानेवारी १९६२ रोजीं पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि १४ एप्रिल १९५२ रोजीं तो ४२.२ अंशांपर्यंत चढला होता. आंब्याचें पीक येतें किंवा जातें तें अशा मोजक्या दिवसांत.

म्हसळें समुद्रकांठच्या मुलुखांत असलें, तरी श्रीवर्धन अथवा दिवेआगर यांप्रमाणें उघड्या समुद्रावर नाहीं. जंजिऱ्याच्या किल्ल्यापासून आंत शिरलेल्या राजपुरी खाडीच्या टोंकाशीं, डोंगरांच्या कुशींत तें वसलें आहे. त्यामुळें खारा वारा येथें उशिरां व मंद होऊन पोहोंचतो, आणि दिवस व रात्र यांच्या उष्णतेंतील अंतर किनाऱ्यापेक्षां अधिक पडतें.

अत्यंत कडक ऊन पुष्कळदां वैशाखाऐवजीं मार्चमध्यें कां जाणवतें, हें समजून घेण्यासारखें आहे. मार्च महिन्यांत कांहीं दिवस पूर्वेचा कोरडा वारा घाटमाथ्यावरून खालीं उतरतो. कोरडी हवा उतरतांना दाबली जाऊन दर हजार मीटरांस सुमारें दहा अंश तापते. म्हणजे पांच-सहाशें मीटर उंचीच्या देशावरील हवा कोंकणांत येईपर्यंत पांच-सहा अंशांनीं अधिक उष्ण होते. हाच वारा खाऱ्या वाऱ्यास दुपारपर्यंत अडवून धरतो. सांताक्रूझ येथें २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंश झाले होते. मे महिन्यांत पश्चिमेचा दमट वारा लवकर सुटतो, म्हणून घाम अधिक आला तरी पारा इतका चढत नाहीं. पुढें पावसाळ्यांत ढगांमुळें दिवस-रात्रींचें अंतर अगदीं कमी होतें, आणि ऑक्टोबरांत आकाश निवळतांच दुसरा उन्हाळा भासतो.

थंडीची गत निराळी. नोव्हेंबरपासून आकाश निरभ्र असतें, रात्रीं मतलई वारा वाहतो, आणि डोंगरउतारावरील जड, गार हवा सखल भागांत सांचते. म्हणून एकाच गांवांत खोलगट जागेंतील बाग उतारावरील बागेपेक्षां पहांटे अधिक गार असते. ही थंडी आरंभीं हितकारक आहे. तिच्यामुळें पालवी थांबून मोहोर येतो. परंतु ती जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत रेंगाळली, तर फळें धरलेल्या फांदीसच पुन्हां मोहोर फुटतो व आधींचीं वाटाण्याएवढीं फळें गळतात. त्यांतून जीं वांचतात, त्यांवर मार्चचा उष्मा येतो.

यावर उपाय आहेत. दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणें फळ वाटाणा, गोटी व सुपारी एवढें असतां पंधरा-पंधरा दिवसांनीं प्रत्येक झाडास १५० ते २०० लिटर पाणी द्यावें, आणि आळ्यांत गवताचें अथवा पेंढ्याचें आच्छादन घालावें. काढणीच्या सुमारें एक महिना आधीं पाणी बंद करावें; आच्छादन मात्र ठेवावें. तापलेल्या जमिनीची धग फळास लागून गरांत साका होतो, तो यामुळें कमी पडतो. भर दुपारीं फळें उतरवूं नयेत व उतरविलेलीं उन्हांत ठेवूं नयेत.

विमा उतरविणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट जाणावी. हवामानावर आधारित फळपीक विम्यांत भरपाई गळलेलीं फळें मोजून ठरत नाहीं. नेमून दिलेल्या हवामान केंद्रांत अमुक अंश उष्णता सलग अमुक दिवस नोंदली गेली कीं नाहीं, यावर ती ठरते. तेव्हां त्या वर्षाच्या शासन निर्णयांतील मर्यादा व मुदती हप्ता भरण्यापूर्वींच वाचाव्या. केंद्र उतारावर आणि बाग खोलगटांत असेल, तर दोहोंचा पारा जुळेलच असें नाहीं.

आपल्या नोंदीवर विमा मिळणार नाहीं. तथापि पाणी केव्हां द्यावें हें तीच सांगेल. कमाल-किमान उष्णतामापक यंत्र फार महाग नसतें. तें सावलींत, मोकळ्या हवेंत, जमिनीपासून सुमारें चार फूट उंचीवर टांगावें. पत्र्याखालीं किंवा तापलेल्या भिंतीस लावूं नये. रोज सकाळीं ठराविक वेळीं दोन्ही आंकडे लिहून खुणा पूर्ववत् कराव्या. शेजारीं खारा वारा सुटल्याची वेळ, मोहोराची तारीख व फळगळ नोंदावी. सातबाऱ्यावर झाडांची संख्या असते. तीं झाडें कोणत्या हवेंत उभीं आहेत, याची वही मालकानेंच ठेवली पाहिजे. अशा चार-पांच वर्षांच्या वहीवरून मार्चच्या उष्म्यापूर्वीं कोणत्या बागेस पहिलें पाणी द्यावें, हें निश्चित ठरवितां येईल.