विंचवाच्या नांगीजवळचे फुलपाखरू

मे महिन्याच्या उत्तररात्री अंगणात उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर वृश्चिक राशीचा विंचू शेपटी उगारून बसलेला दिसतो. त्याच्या नांगीवर मूळ नक्षत्राचा ठळक तारा चमकतो. हात लांब करून त्या ताऱ्याच्या उजवीकडे सुमारे दोन बोटांचे अंतर मोजावे. नुसत्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. परंतु दुर्बीण रोखली, की धुक्याचा लांबट, इवलासा ठिपका दृष्टीस पडतो. हाच ‘फुलपाखरू तेजोमेघ’ होय. हबल दुर्बिणीने २००९ साली घेतलेल्या छायाचित्रात त्याचे दोन्ही पंख स्पष्ट उमटले. त्यांचा विस्तार दोन प्रकाशवर्षांहून अधिक, म्हणजे सूर्यापासून सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराच्या जवळजवळ निम्मा आहे!

अशा मेघांना ‘ग्रहीय’ म्हणण्याची रूढी विल्यम हर्शेल यांच्यापासून पडली. अठराव्या शतकातील दुर्बिणींतून त्यांपैकी काही ग्रहाच्या बिंबासारखे दिसत. वास्तविक त्यांचा ग्रहांशी काहीच संबंध नाही. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी अशा एका मेघाच्या प्रकाशाचे पृथक्करण केले, तेव्हा तो विरळ वायूचा आहे, असे सिद्ध झाले.

हा वायू येतो कोठून? सूर्यासारख्या किंवा त्याहून काहीशा जड ताऱ्याच्या गाभ्यातील इंधन सरले, की तो फुगून तांबडा राक्षसी तारा बनतो. त्याची बाह्य आवरणे हळूहळू अवकाशात वाहून जातात आणि आतला अतितप्त गाभा उघडा पडतो. त्याच्या प्रखर किरणांनी तो वायू उजळतो. काही सहस्र वर्षांनी मेघ विरून जातो, आणि मागे निवत जाणारा श्वेतबटू तारा उरतो.

मग पंख दोनच का? ताऱ्याच्या कमरेभोवती धूळ व वायू यांचे दाट कडे असते. मागाहून वेगाने सुटलेला वायू त्या कड्याला अडतो व दोन्ही ध्रुवांकडून बाहेर पडतो. हे कडे एखाद्या जोडीदार ताऱ्याच्या ओढीने बनत असावे, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. फुलपाखराचा तारा अशाच धुळीआड दडलेला होता. वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून २०२५ साली त्याचे नेमके स्थान कळले. त्याचे तापमान सुमारे २ लाख २० हजार अंश आहे!

वाचकहो, आपला सूर्यही सुमारे ५०० कोटी वर्षांनी फुगून आपली आवरणे टाकील. परंतु ताऱ्याने टाकलेले काही वाया जात नाही. त्या वायूतील कार्बन व नायट्रोजन पुढे नव्या ताऱ्यांच्या व ग्रहांच्या घडणीस लागतात. आपल्या चुलीतील कोळशाचा आणि आपल्या देहाचाही पुष्कळसा कार्बन अशाच विझत्या ताऱ्यांनी मागे ठेवलेला आहे.