कठीण कादंबरी आणि वाचकाची मनोभूमिका

ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी स्थापन झाले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय त्याहूनही जुने, १८६४ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाणे येथे १९८८ आणि २०१० साली, तर डोंबिवली येथे २०१७ साली भरले. या परिसराला ग्रंथांची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. तथापि ग्रंथ उपलब्ध असणे आणि तो वाचला जाणे यांत अंतर असते. पहिल्या वीस-पंचवीस पृष्ठांनंतर वाचकाने निमूटपणे परत केलेली कादंबरी कोणत्याही वाचनालयात सापडते. पुष्कळदा वाचक दोष स्वतःकडे घेतो. आपली पात्रता कमी आहे असे मानून तो पुन्हा त्या कपाटाकडे फिरकत नाही. ही हानी ग्रंथाची नव्हे, वाचकाची आहे.

मराठीत 'दुर्बोध' हा शब्द बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेच्या निमित्ताने विशेष गाजला. त्याच मर्ढेकरांनी १९४२ साली 'रात्रीचा दिवस' ही कादंबरी लिहून संज्ञाप्रवाहाचे तंत्र मराठीत आणले. त्यापूर्वी वीस वर्षे, १९२२ साली, जेम्स जॉइसने 'युलिसिस'मध्ये डब्लिन शहरातील एकाच दिवसाचे दीर्घ चित्रण केले होते. अशा लेखनात घटना एकामागून एक मांडलेल्या नसतात. मनात विचार, आठवणी व ऐकलेले शब्द ज्या गोंधळात येतात, त्याच गोंधळात ते कागदावर उतरतात. 'पुढे काय झाले?' हा प्रश्न घेऊन बसलेल्या वाचकाची येथे निराशा होणे अटळ आहे, कारण प्रश्नच चुकीचा आहे. 'या माणसाच्या मनात या क्षणी काय चालले आहे?' असे विचारले की तीच पृष्ठे बोलू लागतात.

अडचण प्रत्येक ग्रंथात एकाच जातीची नसते. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) भाषा सोपी, किंबहुना रोजच्या बोलण्याची आहे. खेड्यातून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग सांगवीकर आपली हकीकत वरवर तुटकपणे, 'वगैरे' म्हणत सांगतो. तो दुःखाचे नावही न घेता दुःख सांगतो, हे लक्षात येईपर्यंत वाचक त्याला हलक्यात घेत असतो. नेमाड्यांचीच 'हिंदू' (२०१०) सहाशे पृष्ठांच्या घरातील. तेथे कसोटी चिकाटीची. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'तील काही कथा दंतकथेप्रमाणे चालतात. त्यांचा एकच निश्चित अर्थ शोधू गेल्यास हाती काही लागत नाही.

मनाची ही तयारी मराठी माणसास अपरिचित नाही. विलंबित ख्याल ऐकताना जाणता श्रोता पहिल्या आवर्तनातच बंदिशीचा अर्थ मागत नाही. तो सुरांशी परिचय होऊ देतो. ज्ञानेश्वरीचे पारायण पिढ्यान्पिढ्या अशा घरांतून झाले, जेथे प्रत्येक ओवीचा अर्थ सांगू शकेल असा एकही माणूस नव्हता. न कळलेले न कळलेलेच ठेवून पुढे जाण्याचा हा संस्कार आधुनिक कादंबरीपुढे आपण का विसरतो, हे खरे कोडे आहे. कदाचित शाळेने 'लेखकाला काय म्हणावयाचे आहे?' हा प्रश्न गुणांसह विचारल्याचा हा परिणाम असावा.

कल्याणहून मुंबईस लोकलने जाणाऱ्यास सुमारे चौपन्न किलोमीटरचा प्रवास घडतो आणि तासाभराहून अधिक वेळ लागतो. उभे राहून, धक्के सोसत, या वेळेत वृत्तपत्र किंवा रहस्यकथा वाचता येते. 'रात्रीचा दिवस' तशी वाचू नये. तिच्यासाठी घरी, दिवसाची कामे आटोपल्यावर, अर्धा तासही पुरेसा आहे. मात्र तो शक्यतो रोजचा असावा, कारण आठ दिवसांच्या खंडानंतर सूत्र हरवते. अडलेले पृष्ठ मोठ्याने वाचावे. बोलभाषेत लिहिलेली वाक्ये कानाला अधिक लवकर कळतात. प्रस्तावना व समीक्षा नंतर वाचणे बरे. आणि पन्नास-साठ पृष्ठे प्रामाणिकपणे वाचूनही मन लागले नाही, तर पुस्तक खुशाल मिटावे. दुर्बोध ते सर्व सखोल, असा नियम नाही. काही लेखन केवळ अस्पष्ट असते. परंतु हा निर्णय वाचून झाल्यावरचा असावा, भीतीपोटी घेतलेला नसावा.

शिक्षकांना येथे करण्याजोगे पुष्कळ आहे. कादंबरीतील एक उतारा वर्गात नुसता वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारू नये. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि त्यानंतर गावोगावी मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली. त्यांच्या ग्रंथनिवडीत पंचायत सदस्यांचा शब्द जेथे चालतो, तेथे एखादे पुस्तक वर्षभर कोणी नेले नाही एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरवू नये. दोन-तीन वाचकांनी तेच पुस्तक एका महिन्यात वाचून एकत्र बसावे, अशी योजना लहान गावातही जमते. एकास न उमगलेले दुसऱ्यास उमगलेले असते. मोठ्या ग्रंथास परतीची मुदत वाढवून देणे तर ग्रंथपालाच्या हातचे आहे. त्यासाठी वेगळे अनुदान लागत नाही.