फुटीचा पंच: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेलबर्नचं एमसीजी आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहे. उन्हाळा सरला की तेच मैदान ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं, तिथल्या बोलीत ‘फुटी’चं होतं. लंबगोल चेंडू आणि एका वेळी मैदानात दोन्हीकडचे १८-१८ खेळाडू. या गर्दीत शिट्टी घेऊन धावणाऱ्या माणसाविषयी मात्र खुद्द तिथल्या प्रेक्षकांच्याही डोक्यात भलत्याच समजुती असतात.

गैरसमज: खेळाडू म्हणून जमलं नाही की माणूस पंच होतो.

ली फिशर आणि जॉर्डन बॅनिस्टर हे दोघेही एएफएल या सर्वोच्च स्पर्धेत खेळले आणि नंतर तिथेच पंच झाले. पण खेळता येणं आणि पंचगिरी करता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२५पर्यंतचा सुरुवातीचा टप्पाच पाहा. पंच मैदानाच्या मधोमध यायचा, चेंडू दोन्ही हातांनी डोक्यावर उचलायचा आणि सारी ताकद लावून जमिनीवर आपटायचा. चेंडू सरळ वर उसळायला हवा असे. तो वर असतानाच दोन धिप्पाड खेळाडू त्याच्यावर झेप घ्यायचे, म्हणून पंचाला लगेच उलट्या पावली निसटावं लागायचं. टोकदार चेंडू जरा तिरका पडला की गेलाच भलतीकडे! निर्णय अचूक देणारे कितीतरी चांगले पंच केवळ हा टप्पा साधला नाही म्हणून मागे राहिले. अखेर २०२६च्या हंगामापासून तो बंद करून चेंडू हातानेच वर फेकायचं ठरलं. परंपरा गेल्याची हळहळ अनेकांना वाटली. मला तो निर्णय योग्यच वाटतो.

गैरसमज: पंचाला कसले आलेत कष्ट?

१९७६पर्यंत मैदानी पंच एकटाच असे. त्या वर्षी दोन झाले, १९९४मध्ये तीन आणि २०२३पासून चार. तरीही एका सामन्यात प्रत्येकाचं दहाएक किलोमीटर धावणं सहज होतं, आणि त्यातलं बरंचसं खेळावर नजर ठेवून उलट्या पावली. सीमेवरचे पंच वेगळे. चेंडू बाहेर गेला की अनेकदा ते मैदानाकडे पाठ करून तो डोक्यावरून मागे, आत भिरकावतात.

गैरसमज: गोलपंच नुसते झेंडे हलवतात.

गोलला सहा गुण आणि दोन झेंडे, थोडक्यात हुकलेल्या गोलला, म्हणजे ‘बिहाइंड’ला, एक गुण आणि एक झेंडा. चेंडू खांबाला निसटता लागला का, वाटेत कुणाचं बोट लागलं का, यावर पाच गुणांचा फरक पडतो. २०१२पासून व्हिडिओची मदत मिळते, पण पहिला निर्णय त्यांनाच द्यावा लागतो.

गैरसमज: हे गलेलठ्ठ पगाराचं पूर्णवेळ काम आहे.

बहुतेक पंच दुसरी नोकरी सांभाळून सराव करतात. २०१७मध्ये एएफएलची पहिली महिला मैदानी पंच ठरलेली इलेनी ग्लुफ्टसिस पेशाने शिक्षिका. वरपर्यंतची वाट गावच्या सामन्यांतून, मग राज्यांच्या लीगमधून जाते आणि तिला वर्षं लागतात.

गैरसमज: पंचाला खेळातलं काय कळतं?

हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक १९२४पासून दिलं जातं, आणि ते ठरतं मैदानी पंचांच्याच मतांवर. प्रत्येक सामन्यानंतर ते तिघा खेळाडूंना तीन, दोन आणि एक मत देतात.

तरीही शिव्या त्यांनाच. २०२२मध्ये एएफएलने पंचांशी हुज्जत घालणाऱ्यांवर कडक धोरण आणलं: निर्णयावर नुसते हात पसरून नाराजी दाखवली तरी प्रतिस्पर्ध्याला चेंडू ५० मीटर पुढे देण्याचा दंड. त्याचं कारण खालच्या पातळीवर होतं. गावोगावच्या स्पर्धांना पंच मिळेनासे झाले होते, आणि शिट्टी हातात घेणारी पोरं कुंपणाबाहेरच्या मोठ्यांची शिवीगाळ ऐकून काम सोडत होती. खेळाडूंना दंड करता येतो. त्या मोठ्यांनी मात्र आपलं तोंड आपणच आवरायला हवं.