धुराचा दोष रक्ताच्या माथी

“आमच्या आजोबांनी जन्मभर विडी ओढली, तरी ते नव्वद वर्षे जगले. आमचे रक्तच तसे!” असे सांगत नातू विडी शिलगावतो. हा युक्तिवाद आपल्या गावोगावी ऐकू येतो. पण तो केवळ अडाण्यांचा आहे असे मात्र कोणी समजू नये.

१९५० साली इंग्लंडमध्ये डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल ह्या संशोधकांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग ह्यांचा निकटचा संबंध दाखविला. त्यावर रोनाल्ड फिशर ह्या विख्यात संख्याशास्त्रज्ञाने १९५८ साली आक्षेप घेतला. ते स्वतः पाइप ओढीत. एकच आनुवंशिक गुण माणसाला धूम्रपानाकडेही ओढीत असेल आणि कर्करोगाकडेही. मग धुराला दोष का द्यावा, असा त्यांचा प्रश्न होता.

ह्या प्रश्नाचे उत्तर जुळ्या भावंडांनी दिले. एकाच बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा जवळजवळ तंतोतंत सारखा असतो. उत्तर युरोपातील अशा जुळ्यांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्या जोड्यांत एक धूम्रपान करणारा व दुसरा कधीच न करणारा होता, तेथे पहिल्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट आढळला. रक्त तेच, फरक धुराचा.

मग रक्ताचा काहीच भाग नाही काय? आहे. आईबापांकडून येणाऱ्या गुणांचे वाहक म्हणजे जनुके. पंधराव्या गुणसूत्रावरील काही जनुकांत असा एक भेद असल्याचे २००८ साली आढळले, की तो एका पालकाकडून आला तर धूम्रपान करणाऱ्याचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी, आणि दोघांकडून आला तर सुमारे ८० टक्क्यांनी वाढतो. ही जनुके निकोटीनला प्रतिसाद देणाऱ्या पेशींशी संबंधित आहेत. म्हणूनच अशा माणसाला व्यसनाची पकड अधिक घट्ट बसते. पुढील मोठ्या पाहण्यांत कधीच धूम्रपान न करणाऱ्यांमध्ये मात्र ही वाढ दिसली नाही. वारसा म्हणजे सुके गवत. ठिणगी बहुधा आपलाच हात टाकतो.

आता आजोबांचा विचार करू. नातवाला त्यांच्या वारशाचा सुमारे चौथा हिस्साच मिळतो. उरलेले तीन हिस्से इतरांचे. आजोबांना तारणारे काही असलेच, तर ते नातवाकडे आले आहे हे कोणी पाहिले?

ब्रिटनमधील हिशेब बोलका आहे. जन्मभर धूम्रपान करणाऱ्या शंभर पुरुषांपैकी सुमारे सोळा जण पंचाहत्तरीपूर्वी ह्या रोगाने दगावण्याचा संभव असतो. पन्नाशीत सोडल्यास ही संख्या सहावर येते, तिशीत सोडल्यास दोनवर. कधीच न ओढणाऱ्यांत ती एकाहूनही कमी असते. विडी लहान म्हणून तिचा धूर निरुपद्रवी ठरत नाही.

तेव्हा घरातील ज्याची विडी सुटत नाही त्याची चेष्टा करू नका. कदाचित त्याची झुंज तुमच्याहून कठीण असेल. त्याला वैद्यांकडे न्या, धीर द्या. आणि जो रक्ताच्या भरवशावर ओढीत आहे, त्याला एवढेच सांगा: आईबाप निवडणे आपल्या हाती नव्हते, काडी ओढणे मात्र आहे.