एका रणगाड्याची तारीख

ऑस्ट्रेलियन सैन्याच्या चिलखती वाहनांच्या लघुप्रतिकृती घडविणाऱ्या कारागिराला प्लास्टिकचे सुटे भाग मेजावर मांडण्यापूर्वीच एक निर्णय करावा लागतो, आणि माझ्या मते त्याच्या व्यासंगाचा सारा कस तेथेच लागतो: घडवावयाचे वाहन नेमके कोणते, आणि ते कोणत्या दिवसाचे? रणगाड्याची चाकरी दीर्घ असते. तेवढ्या अवधीत तो कारखान्यात दुरुस्तीस जातो, मोहिमेवर जातो, रंग पालटतो, काही भाग गमावतो, काही नवे मिळवतो.

१६९०४१ या क्रमांकाच्या सेंच्युरियन रणगाड्याची कैफियतच पाहावी. १५ ऑक्टोबर १९५३ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील ईमू फील्ड येथे ब्रिटनने अणुस्फोटाची चाचणी घेतली, तेव्हा हा मार्क ३ जातीचा रणगाडा स्फोटबिंदूपासून सुमारे ४६० मीटरांवर, इंजिन चालू ठेवून, मुद्दाम उभा केला होता. त्याच्या बाजूंचे चिलखती पत्रे उखडून दूर फेकले गेले, तोफेच्या मुळाशी असलेले कापडी आच्छादन भस्मसात झाले, दिव्यांच्या काचा वाळूने खरवडल्या गेल्या. इंजिन मात्र केवळ इंधन संपल्यामुळे थांबले होते, आणि रणगाडा पुढे चालवत नेता आला. कालांतराने मार्क ५/१ या सुधारित रूपात तोच व्हिएतनामला गेला, आणि १९६९ मध्ये शत्रूचा अग्निबाण आत शिरूनही लढण्याच्या लायकीचा राहिला. यंत्र एकच, परंतु १९५३ ची प्रतिकृती आणि १९६९ ची प्रतिकृती यांना एकच नकाशा चालणार नाही.

व्हिएतनाममधील ऑस्ट्रेलियन सेंच्युरियनांच्या बाजूही पुष्कळदा उघड्याच दिसतात. पण तेथे पत्रे स्फोटाने नव्हे, सैनिकांनी स्वतः काढले होते, कारण चिखल आणि झाडझाडोरा त्यांच्यामागे अडकून चाके जखडत. पत्रे गेले की प्रत्येक बाजूची सहा चाके आणि त्यांची कमानयंत्रणा पाहणाऱ्याच्या नजरेस येते, आणि एरवी झाकून जाणारे काम निगुतीने करावे लागते. पाठीमागे इंधनाची जादा टाकी जोडावी लागते. १:३५ या प्रचलित प्रमाणात सुमारे ७.६ मीटरांचा सांगाडा जेमतेम २२ सेंटिमीटर भरतो आणि प्रतिकृतीतील एक मिलिमीटरची चूक मूळ वाहनावर ३५ मिलिमीटरची ठरते. तैवानच्या एएफव्ही क्लब कंपनीने या ऑस्ट्रेलियन प्रकाराचा संच काढल्याने पुष्कळ श्रम वाचले, तरी विशिष्ट रणगाड्याचे क्रमांक, लटकवलेले सामान, व्हिएतनाममधील नुई दात तळाच्या तांबड्या मातीचा थर, या गोष्टी संचाच्या पेटीत मिळत नाहीत.

त्यासाठी कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधील छायाचित्रे आणि पकापन्याल येथील रणगाडा-संग्रहालयातील प्रत्यक्ष वाहने यांची रुजवात घालावी लागते. दोहोंत विसंगती आढळली तर मी छायाचित्रालाच प्रमाण मानीन, कारण संग्रहालयातील वाहन जतन करताना पुन्हा रंगविलेले असू शकते, तर तारीखवार नोंदलेले छायाचित्र त्या दिवसापुरता तरी पक्का दाखला देते. सेंच्युरियन आपल्या लष्करानेही १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वापरला, आणि अहिल्यानगरच्या रणगाडा-संग्रहालयात तो पाहावयास मिळतो; बुरुजाच्या ओतीव पोलादाचा खडबडीतपणा आणि सांध्यांवरील जोडकामाच्या रेषा तेथे मनसोक्त न्याहाळता येतील, मागची टाकी मात्र व्हिएतनाममधील छायाचित्रांवरूनच घडवावी लागेल.