घरच्या संगणकाचा राखणदार

विठ्ठलवाडीसारख्या उपनगरातही आज अनेक घरांत संगणक आहे. मुलांचा अभ्यास, वडिलांचे बँकेचे व्यवहार, आजोबांची जुनी छायाचित्रे हे सारे त्यात साठविलेले असते. घराला कुलूप लावताना आपण जी दक्षता घेतो, तीच या ठेव्यासाठीही घ्यावयास हवी.

संगणकाचा विषाणू सजीव नसतो. तो माणसानेच लिहिलेला आज्ञांचा संच होय. मात्र एका संगणकातून दुसऱ्यात शिरून तो आपल्या प्रती वाढवितो, म्हणून त्याला हे नाव पडले. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपींतून देशोदेशी पोहोचला. अशा विषाणूंना हुडकून काढणारी प्रणाली म्हणजे अँटिव्हायरस. या कामी मराठी माणूसही मागे राहिला नाही. मूळचे रहिमतपूरचे कैलाश काटकर पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० नंतरच्या दशकात लिहिलेल्या प्रणालीतून ‘क्विक हील’ उभे राहिले.

राखणदार चोराला चेहऱ्यावरून ओळखतो, तसाच वागणुकीवरूनही ओळखतो. अँटिव्हायरसही ज्ञात विषाणूंच्या खुणांची यादी बाळगतो आणि एखादी प्रणाली अकस्मात साऱ्या फायली बदलू लागल्यास तिला अडवितो. नवे विषाणू रोज निपजतात. म्हणून यादी जुनी झाली, की राखणदार असून नसल्यासारखाच.

मग निवड कशी करावी? विंडोज ११ मध्ये ‘डिफेंडर’ हा अँटिव्हायरस मुळातच असतो व पुष्कळ घरांस तो पुरतो. दुसरा घ्यावयाचा झाल्यास जाहिरातीवर न विसंबता जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ किंवा ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज’ या परीक्षकांचे निकाल पाहावेत. तो किती विषाणू पकडतो, निर्दोष फायलींवर किती वेळा आळ घेतो आणि संगणकाला किती मंद करतो, हे तेथे कळते. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालवू नयेत. ते परस्परांच्या कामात अडथळा आणतात. ‘तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे’ अशी भीती घालणाऱ्या जाहिरातीतून तर काहीच घेऊ नये. तेथे बहुधा चोरच राखणदाराच्या वेषात उभा असतो.

तथापि, केवळ राखणदार नेमून भागत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरच्या संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो पसरला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागली. म्हणून दुरुस्त्या वेळच्या वेळी कराव्यात आणि मोलाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती संगणकापासून दूर ठेवावी. राखणदार ठेवला म्हणून दार उघडे टाकून कोणी निजत नाही.